धूर सोडूनही डेंग्यू का होतो आणि फवारूनही खोडकिडा का राहतो?

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या कमिटी सदस्यांचा प्रश्न आहे. पावसाळ्यात दर आठवड्याला आवारात धूर फवारणी होते, तरी यंदा तीन घरांत डेंग्यू झाला. गावी मुरबाडला थोरले बंधू भात, भेंडी आणि काकडी करतात. तिथेही लावणी झाल्या झाल्या औषध मारतात, तरी खोडकिडा आणि तुडतुडे हटत नाहीत. किडे कायमचे संपवायचा काही उपाय निघाला आहे का, आणि नसेल तर या शास्त्राचा आमच्यासारख्यांना उपयोग काय, असं त्यांनी विचारलं आहे. सोबत बारावीतल्या पुतणीबद्दलही विचारलं आहे. तिला कीटकशास्त्रच शिकायचं आहे.

मी आधी भातावरच्या किडींवर काम केलं आणि पुढे ठाणे आणि नवी मुंबईत डासांच्या सर्वेक्षणात उतरले. त्यामुळे तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात. सोसायटीत आणि खाचरात तुमचं चुकतंय ते एकाच जागी. कीटकाचं आयुष्य टप्प्याटप्प्याने जातं आणि प्रत्येक टप्पा वेगळ्या ठिकाणी काढला जातो. आपल्या डोळ्यांना दिसतो, अंगाला चावतो तो मोठा झालेला किडा, म्हणून औषधही त्याच्यावर. त्याची अंडी आणि पिल्लं जिथे असतात तिथे ते औषध पोहोचतच नाही. शेतात तर त्याहून वाईट होतं. किडीला खाणारे जीवच आधी मरतात.

सोसायटीपासून सुरुवात करू. धुराचं यंत्र डिझेलमध्ये मिसळलेल्या कीटकनाशकाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत सोडतं. उडत्या डासाच्या अंगावर थेंब बसला तर तो मरतो. हे थेंब थोडा वेळच हवेत तरंगतात, वारा असेल तर तेवढाही नाही. डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती डासाची मादी त्या वेळी कुठे असते? दाराआड टांगलेल्या कपड्यांत, पलंगाखाली, पडद्यामागे. ती माणसांच्या घरातच राहते, दिवसा चावते, सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. आणि धुराची गाडी आली की आपण सगळे पहिलं काम काय करतो, तर खिडक्या लावून घेतो. म्हणजे औषध बाहेर आणि डास आत. अळ्या आणि अंड्यांवर तर या धुराचा काहीच परिणाम होत नाही. आठवडाभरात नवे डास तयार, आणि कमिटी म्हणते यंत्रातलं औषध भेसळीचं असणार. गळणारं छप्पर तसंच ठेवून रोज फरशी पुसत राहावी, तसं हे आहे.

धूर कधीच सोडू नये असं माझं म्हणणं नाही. एखाद्या इमारतीत रुग्ण सापडला की त्याच्या आणि आजूबाजूच्या घरांत, आतून, खिडक्या-दारांचा नीट विचार करून केलेली फवारणी उपयोगी पडते, कारण विषाणू पोटात घेऊन फिरणारे मोठे डास त्या वेळी मारायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिकाही साधारण हीच आहे: साथ आली असताना आणीबाणीचा उपाय म्हणून. दर शनिवारी संध्याकाळी फाटकापासून गार्डनपर्यंत एक फेरी, याला मी आरोग्याचं काम म्हणणार नाही. दम्याच्या माणसाला त्याने त्रास होतो आणि रहिवाशांना वाटतं की आपण काहीतरी केलं. हे खोटं समाधान मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण मग कुंडीखालच्या ताटलीकडे कोणी बघत नाही.

आता ती अळी कुठे असते ते सांगते. डेंग्यूचा डास गटारात होत नाही, खाडीतल्या तिवरांतून येत नाही आणि उपवन किंवा मासुंदा तलावातूनही येत नाही. ठाण्यात हे तिन्ही आरोप मी सतत ऐकते. त्याला लागतं भांड्यातलं, साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, गॅलरीतलं झाकण नसलेलं पिंप, पावसाळ्यासाठी बांधलेल्या ताडपत्रीचा खोलगट भाग, बंद पडलेलं शोभेचं कारंजं, वॉचमनच्या केबिनवर टाकलेला टायर, पाण्याच्या मीटरचा चेंबर, लिफ्टचा खड्डा. मादी शे-दोनशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. तुमच्या विंगमध्ये डेंग्यू झाला असेल तर डास बहुधा तुमच्याच आवारात जन्मलेला आहे. ही वाईट बातमी नाही. जे आपल्या आवारात आहे ते आपल्याला शोधता येतं.

तिचं अंड्यांचं वागणं समजून घ्या, कारण सगळी किल्ली तिथेच आहे. ती अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या पातळीच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. म्हणून पिंप नुसतं रिकामं करून पुन्हा भरलं तर काम अर्धंच झालं. आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने घासायलाच हवी. अंड्यापासून उडणारा डास व्हायला पावसाळी हवेत सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, हे जे महापालिका सांगते, ते याच हिशेबाने. दहाव्या दिवशी घासलंत तर डास आधीच उडून गेलेला असतो.

मलेरियाची गोष्ट थोडी वेगळी. १८९७ च्या २० ऑगस्टला सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफिलिस डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. पुढच्या संशोधनातून कळलं की तो परजीवी पोटातून लाळेच्या ग्रंथीपर्यंत पोहोचायला साधारण दहा ते चौदा दिवस घेतो. म्हणजे रुग्णाला चावल्यानंतर निदान एवढे दिवस जगलेली मादीच धोक्याची. डेंग्यूच्या विषाणूलाही डासात आठ ते बारा दिवस लागतात. मादीचं आयुष्यच काही आठवड्यांचं, त्यामुळे ते थोडं जरी कमी झालं, तिला लपायला अडगळ आणि चावायला माणूस सहज मिळाला नाही, तरी रोगाचा प्रसार बराच घटतो. ताप आलेल्या माणसाला पहिले काही दिवस दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा असं मी आग्रहाने सांगते ते यासाठी. त्याला स्वतःला डासांपासून वाचवण्यापेक्षाही, डासांना त्याच्याकडून विषाणू मिळू नये हा हेतू असतो. डेंग्यू झाला की घरोघर पपईच्या पानांची चर्चा होते, हे एवढं साधं काम मात्र राहून जातं.

मुंबई-ठाण्याच्या शहरी भागात मलेरिया पसरवतो तो ॲनॉफिलिस स्टिफेन्साय. त्याला गच्चीवरच्या टाक्या, विहिरी आणि बांधकामाचं साठलेलं पाणी आवडतं. नवी मुंबईत टाक्या तपासताना मला वारंवार दिसलेली अडचण अगदी साधी होती: टाकीवर चढायला पक्की शिडीच नसायची. मग झाकण तुटलंय की नाही हे बघणार कोण? तुमच्या कमिटीने पहिला खर्च शिडीवर करावा, दुसरा घट्ट बसणाऱ्या झाकणांवर, आणि हवेच्या व ओव्हरफ्लोच्या पाइपांना बारीक जाळी बांधून घ्यावी. शेजारी इमारत पाडून नवी उभी राहत असेल तर स्लॅबवर क्युरिंगसाठी अडवून ठेवलेलं पाणी बघा. तिथले मजूर मलेरिया घेऊन येतात, असं बोलण्याची आपल्याकडे सवय आहे. ते उघड्यावर झोपतात म्हणून सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त आजारी तेच पडतात. त्यांची रक्त तपासणी करून घेणं आणि त्यांना मच्छरदाण्या मिळवून देणं हे सोसायटीच्या स्वार्थाचंही आहे आणि माणुसकीचंही.

रात्री कानाशी गुणगुणणारा, घाण पाण्यात वाढणारा तिसरा डास म्हणजे क्युलेक्स. आपल्याकडे तो हत्तीपाय पसरवू शकतो, डेंग्यू नाही. तुंबलेली गटारं आणि उघड्या सेप्टिक टाक्या बंद केल्या की त्याचा प्रश्न बराच मिटतो.

जिथलं पाणी काढताच येत नाही, उदाहरणार्थ लिफ्टचा खड्डा किंवा बेसमेंटचा संप, तिथे अळीनाशक वापरा. माझी पहिली पसंती बीटीआय या जिवाणूला आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिसची ही जात १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडली. डासाच्या अळीने तो जिवाणू गिळला की त्याचं विष तिच्या आतड्यात मोकळं होऊन ती मरते. माणूस, मासा, मधमाशी यांना त्याची बाधा होत नाही. याच जिवाणूची दुसरी जात शेतात पतंगांच्या अळ्यांवर फवारतात. शोभेच्या हौदात गप्पी मासे सोडायला हरकत नाही. गॅम्बुशिया मासे मात्र कोणी आणून देतो म्हणाला तरी तलावात सोडू नका. ते परदेशी आहेत, आक्रमक आहेत आणि आपल्या माशांची व बेडकांची पिल्लं खातात. तलावात चतुराच्या अळ्या आणि स्थानिक मासे ते काम आधीच करत असतात.

वोल्बाकियाबद्दलही लोक विचारतात. हा जिवाणू अनेक कीटकांच्या शरीरात निसर्गतःच राहतो, एडिस इजिप्तीत मात्र नसतो. प्रयोगशाळेत तो त्याच्यात घातला की डेंग्यूचा विषाणू त्या डासात नीट वाढू शकत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात असे डास सोडून केलेल्या चाचणीत डेंग्यूचं प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळलं. ते निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने (रोग पसरवणाऱ्या कीटकांवर काम करणारी संस्था) भारतीय डासांत वोल्बाकिया असलेले वाण तयार केले आहेत. मला या कामाकडून खरीखुरी आशा आहे. पण ते शहरभर, सरकारी यंत्रणेने करायचं काम आहे, सोसायटीने विकत आणायची वस्तू नव्हे.

कायमचे संपवता येतील का, याचंही उत्तर इथेच देते. कीटकशास्त्रात याचं सर्वांत मोठं यश स्क्रूवर्म माशीचं आहे. जनावरांच्या जखमेत अंडी घालून जिवंत मांस खाणाऱ्या या माशीचे नर कारखान्यात वाढवून, किरणांनी वंध्य करून, विमानातून सोडण्यात आले. मादी बहुधा एकदाच जुगते, त्यामुळे वंध्य नराशी जुगलेली मादी फुकट गेली. १९५४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर हे जमलं आणि पुढे अमेरिकेतून व मध्य अमेरिकेच्या मोठ्या भागातून माशी गेली. तरीही २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ती मेक्सिकोत पुन्हा आढळली. इतका पैसा, इतकी शिस्त, एकच जात, आणि तरीही पहारा सोडता येत नाही. डासांच्या जगात साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा आपल्या आजारांशी काहीही संबंध नाही.

शेताकडे वळण्याआधी एका किड्याबद्दल सांगते, कारण तो तुमच्या दोन्ही घरांत येतो. पेडेरस नावाचा, मोठ्या मुंगीएवढा, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा भुंगेरा पावसाळ्यात ट्यूबलाइटकडे येतो. तो अंगावर चिरडला की त्याच्या शरीरातलं पेडेरिन हे विष त्वचेला लागतं आणि एक-दोन दिवसांनी लांबट, जळजळणारा चट्टा उठतो. लोक नागीण समजून घाबरतात. तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. फुंकर मारून उडवा, चुकून चिरडलाच तर लगेच साबण-पाण्याने धुवा, रात्री खिडकीजवळचा दिवा बंद ठेवा. हाच भुंगेरा मुरबाडच्या खाचरात तुडतुडे आणि बारीक अळ्या खात फिरत असतो. तिथे तो तुमच्या बंधूंचा बिनपगारी राखणदार आहे. एखादा कीटक चांगला की वाईट, हे तो कुठे आणि काय करतोय त्यावर ठरतं.

आता भात. तुमचे बंधू लावणीनंतर लगेच जी फवारणी करतात, ती बंद करा असं मी स्पष्ट सांगेन. भाताच्या खाचरात सगळ्यात आधी येतात ते कोळी, चतुर, टाचण्या, भुंगेरे आणि तुडतुड्यांची अंडी खाणारे मिरिड ढेकूण. पहिल्या महिन्याभरात पानं थोडी खाल्लेली दिसतात, शेतकरी घाबरतो आणि पंप काढतो. त्या वयात रोप नवे फुटवे काढून नुकसान भरून काढतं. फवाऱ्याने राखणदार मरतात. तपकिरी तुडतुड्याची अंडी मात्र पानाच्या आवरणाच्या आत घातलेली असतात, तिथे औषध लागत नाही. आठ-दहा दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, तेव्हा त्यांना खायला खाचरात कोणी उरलेलं नसतं. मग त्यांनी रस शोषल्याने सप्टेंबरात गोल गोल जळलेले चट्टे दिसतात आणि शेतकरी आणखी फवारतो.

हे नुसतं माझं मत नाही, एका अख्ख्या देशाने हे भोगलं आहे. इंडोनेशियात सरकार कीटकनाशकांवर मोठं अनुदान देत होतं आणि तरीही तुडतुडे वाढतच होते. जितकी फवारणी जास्त तितका उद्रेक मोठा, हे संशोधकांनी दाखवून दिल्यावर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावर वापरायच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पुढच्या काही वर्षांत अनुदानही बंद झालं. भाताचं उत्पादन पडलं नाही, वाढलं. तिथून शेतकरी शेतीशाळांची पद्धत निघाली, जी आज आपल्या कृषी विभागाच्याही कामात आहे. बंधूंना तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन शेतीशाळेत नाव घालायला सांगा. खाचरात उतरून राखणदार आणि शत्रू मोजायला तिथे शिकवतात, आणि ते एकदा शिकलेला शेतकरी पंपाला सहज हात घालत नाही.

खोडकिड्याचं गणित वेगळं आहे. पिवळसर पतंगाची मादी पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर अंगावरचे तपकिरी केस पसरते. आठवड्याभरात अळी निघते, थोडा वेळ बाहेर फिरते आणि खोडात शिरते. एकदा शिरली की वरून मारलेलं औषध तिला लागत नाही. फुटव्यांच्या वेळी मधला पोंगा सुकतो, तो गाभेमर. निसवल्यावर दाण्याविना पांढरी लोंबी उभी राहते, ती पळींज. पळींज दिसल्यावर फवारणारे शेतकरी मी मुरबाड-शहापूर पट्ट्यात फार पाहिले. त्या वेळी नुकसान होऊन गेलेलं असतं, औषधाचे पैसे वाया जातात.

मग करायचं काय? आवणीच्या म्हणजे लावणीच्या वेळी चूड (रोपांची जुडी) बांधताना रोपांचे शेंडे खुडून, ते गोळा करून नष्ट करा. बरेच पुंजके तिथेच जातात. खाचरात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, म्हणजे पतंग कधी वाढले ते कळतं. ट्रायकोकार्ड मिळत असतील तर लावा. त्यावर चिकटवलेल्या दुसऱ्या पतंगाच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा या अतिशय बारीक गांधीलमाशीने आधीच आपली अंडी घातलेली असतात. त्यांतून निघालेल्या माश्या खोडकिड्याची अंडी शोधून त्यांत आपली अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या ती आतून खातात. कार्ड लावलं आणि फवारणीही केली तर कार्ड फुकट गेलं, हे विसरू नका. शेकडा पाचाच्या वर गाभेमर दिसला तरच औषधाचा विचार करा, तोही कृषी विद्यापीठाची शिफारस असलेल्याच औषधाचा. आणि सगळ्यात मोठं काम कापणीला आहे. खोडकिड्याची अळी धसकटात दडून उन्हाळा काढते. भात जमिनीलगत कापला आणि नंतर नांगरट करून धसकटं वेचली तर पुढच्या हंगामाचा खोडकिडा तिथेच कमी होतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा जमिनीलगत कापणीसाठीच आहे. युरिया हात राखून टाका, कारण लुसलुशीत हिरव्यागार भातावर तुडतुडे जास्त येतात. पट्टा पद्धतीने लावणी करून मधे वाट सोडली की बुंध्याशी हवा आणि ऊन पोहोचतं, ते तुडतुड्यांना मानवत नाही.

भेंडीवर येणारा केवडा म्हणजे पिवळ्या शिरांचा रोग हा विषाणूने होतो आणि तो पांढरी माशी पसरवते. तुमच्या सोसायटीतल्या डेंग्यूसारखंच आहे हे: विषाणू, त्याला वाहणारा कीटक आणि एक आजारी शेजारी. म्हणून केवडा दिसलेलं झाड पहिल्याच आठवड्यात उपटून टाका, पिवळे चिकट सापळे लावा, पांढरी माशी वाढताना दिसली तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. १०० लिटर पाण्याला पाच किलो कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून गाळलेली. भेंडी एक दिवसाआड तोडायची असते. डब्यावर फवारणीनंतर तोडणीला पाच-सात दिवस थांबा असं लिहिलेलं औषध या पिकात वापरताच येत नाही, तरी सर्रास वापरलं जातं आणि ती भेंडी आपल्याच डब्यात येते. माझा या बाबतीत ठाम आग्रह आहे: जितके दिवस थांबायला सांगितलं आहे तितके थांबता येत नसेल, तर ते औषध त्या पिकावर मारायचंच नाही.

काकडीत नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही, किंवा वाकडं आणि टोकाला बारीक होतं. फुलं सकाळी उमलतात, माश्या सकाळी येतात. सकाळी फवारणारा शेतकरी स्वतःच्या उत्पन्नावर फवारतो. काही मारावंच लागलं तर संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर. अन्न व कृषी संघटनेच्या मते जगातल्या सुमारे तीन चतुर्थांश पिकांचं उत्पादन कमी-अधिक प्रमाणात परागण करणाऱ्या जिवांवर अवलंबून आहे. सातेरी मधमाशीची एखादी पेटी बांधावर ठेवायला बंधूंना जरूर सांगा. आणि सोसायटीच्या भिंतीवर आग्या मोहोळ बसलं तर रात्री मशाल लावून जाळू नका. मोहोळ सुखरूप हलवणारे प्रशिक्षित लोक मिळतात.

काकडीतल्या फळमाशीवर फवारा निरुपयोगी आहे, कारण अळी फळाच्या आत आणि कोष मातीत. क्यूल्यूर या नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचे सापळे लावा, डागी फळं रोज वेचून खोल पुरा. आंब्या-पेरूच्या फळमाशीला मिथिल युजेनॉलचा सापळा लागतो; दोन्हींत नर अडकतात. या माशीने आपल्याला किती महागात पाडलं ते वाशीच्या बाजारातल्या निर्यातदारांना विचारा. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने भारतीय हापूससह आंबा आणि कारली, वांगी, पडवळ, अळू यांची आयात बंद केली, कारण मालात फळमाश्या आणि इतर किडी सापडत होत्या. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली. आज वाशीला कृषी पणन मंडळाचं विकिरण केंद्र आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किरणांचा किमान ४०० ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) इतका डोस देतात; त्याने आतली कीड पुढे वाढू किंवा प्रजा करू शकत नाही. स्क्रूवर्मवर वापरलेली किरणांची युक्ती इथे फळाच्या पेटीत आली आहे.

या शास्त्राचा उपयोग काय, या तुमच्या प्रश्नावर मी नेहमी पपईचं उदाहरण देते. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण दिसला आणि बघता बघता तो तुती, टॅपिओका, कापूस करत महाराष्ट्रापर्यंत आला. औषध त्याच्या मेणचट आवरणातून आत जाईना, बागा तोडल्या जाऊ लागल्या. बेंगळुरूच्या कीटक संशोधन संस्थेने २०१० मध्ये पोर्तो रिकोतून ॲसेरोफॅगस पपाये ही तीळभरही नसलेली गांधीलमाशी आणली, तिच्यापासून इतर कीटकांना धोका नाही ना हे तपासलं आणि मग सोडली. काही महिन्यांत ढेकूण आटोक्यात आला. शेतकऱ्याला त्यासाठी औषधाचा एक डबाही विकत घ्यावा लागला नाही. आपल्यापैकी बहुतेकांना ती माशी आली होती हेसुद्धा माहीत नाही.

फवारणी करणाऱ्या माणसाबद्दल एक गोष्ट राहिली, ती तुमच्या सोसायटीतल्या कर्मचाऱ्यालाही लागू आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारायचं नाही, दोन औषधं मनाने एकत्र करायची नाहीत, हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा असल्याशिवाय पंप उचलायचा नाही. रिकामा डबा पाण्यासाठी वापरायचा नाही. धुराचं यंत्र चालवणाऱ्या मुलाने तोंडाला नुसता रुमाल बांधला असेल तर ते काम त्याच क्षणी थांबवा.

दोन्हीकडची औषधं पुष्कळदा एकाच कुळातली असतात. पायरेथ्रॉइड शेतात आहे, धुरात आहे आणि घरातल्या लिक्विडच्या मशीनमध्येही आहे. त्यामुळे विनाकारण केलेली प्रत्येक फवारणी, मग ती मुरबाडला असो की घोडबंदरला, डासांना त्या औषधाची सवय लावते. साथ आली आणि खरंच फवारायची वेळ आली की औषध चालत नाही.

कंत्राटदाराशी नवा करार कराल तेव्हा महिन्यात किती वेळा धूर सोडणार, हे कलम काढून टाका. त्याऐवजी लिहा: दर आठवड्याला ठरलेल्या वारी सगळ्या विंग, गच्ची, टाक्या, चेंबर, लिफ्टचे खड्डे तपासायचे, कुठे अळ्या मिळाल्या त्याची वहीत नोंद आणि तारीख, नोंदीवर कमिटीच्या एका सदस्याची सही. घरातल्या भांड्यांसाठी प्रत्येक मजल्यावर एकेक जण नेमा. शाळेतली मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात, अळी एकदा दाखवली की त्यांना ती बरोबर दिसते. वहीतली तीन-चार ठिकाणं पुन्हा पुन्हा येतील. तिथे बांधकामात दुरुस्ती करा, दर आठवड्याला औषध नको.

पुतणीला सांगा, वाट चांगली आहे. शेतीच्या बाजूने जायचं असेल तर दापोलीला किंवा राज्यातल्या दुसऱ्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. कृषी करून पुढे कीटकशास्त्रात एम.एस्सी. आरोग्याच्या बाजूने जायचं असेल तर प्राणिशास्त्रात पदवी घेऊन पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्रात एम.एस्सी. करता येतं, प्रवेशाचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर बघावेत. मधमाश्यांचं वेड असेल तर पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तोपर्यंत एक हँडलेन्स घेऊन द्या आणि सोसायटीची ती वही तिच्याकडे सोपवा. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून असेल तर ॲनॉफिलिस, डोकं खाली करून तिरकी लटकत असेल तर एडिस किंवा क्युलेक्स. हे ती पहिल्याच रविवारी शिकेल.